उत्तर पेपरात द्यावे

निळं आंतरदेशीय पत्र होतं ते. समास न सोडता, घडीच्या कडेपर्यंत लिहिलेलं. १९९४ चा पावसाळा होता, टपाल दमट यायचं, त्यामुळे घडीवरची शाई जराशी फुटली होती. मी तेव्हा जिल्ह्याच्या गावातल्या एका दैनिकात उपसंपादक होते आणि वाचकांच्या पत्रांचं पान माझ्याकडे होतं. एसटी वेळेवर नाही, रेशनवर रॉकेल नाही, नळाला गढूळ पाणी, रस्त्याची खडी उखडली. अशी पत्रं रोज यायची आणि मला ती मनापासून आवडायची. माणूस आपलं गाऱ्हाणं चारचौघांत मांडतो आणि खाली नाव-गाव घालतो, हे मला तेव्हाही मोठं वाटायचं, आजही वाटतं.

या पत्राखाली नाव नव्हतं. ‘एक माहेरी आलेली’ एवढंच. लग्नाला तीन वर्षं झालेली. मार सोसवेना म्हणून ती माहेरी आली. आठ महिन्यांनी कोर्टाचा कागद आला, नवऱ्याने ‘नांदावयास यावे’ म्हणून दावा लावलेला. वडील म्हणत, हुकूम झाला तर पोलीस येऊन घेऊन जातील. भाऊ म्हणे, त्यापेक्षा आताच जा, गावात शोभा नको. ‘कायदा मला उचलून नेऊ शकतो का, एवढेच सांगावे,’ असं तिने विचारलं होतं. आणि अगदी शेवटी, जागा संपत आल्यामुळे बारीक अक्षरात: ‘उत्तर पेपरात द्यावे, घरी पत्र पाठवू नये.’

आमच्या पानावर चौकटीत रोज एक सूचना असायची, नाव-पत्ता नसलेल्या पत्रांचा विचार केला जाणार नाही. मी ते पत्र ट्रेमध्ये तळाशी ठेवलं. टाकलं नाही, छापलंही नाही. एखाद्या वकिलाला विचारून दोन ओळी देऊ, असं मनात होतं. मग गणपती आले, दिवाळी अंकाची धावपळ आली, निवडणुकीचं वारं आलं. पुढे ऑफिस दुसऱ्या जागेत हललं आणि त्या हलवाहलवीत पत्र गेलं ते गेलंच. उत्तर मी दिलं नाही.

तो नियम मूर्खपणाचा नव्हता, हेही सांगायला हवं. वर्तमानपत्राने न तपासलेल्या कागदावर विश्वास ठेवला तर काय होतं याचा धडा मराठी पत्रकारितेला तिच्या तरुणपणीच मिळाला होता. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतोय, अशी बाजू घेऊन टिळक आणि आगरकर कारभारी बर्व्यांवर तुटून पडले. ज्या पत्रांच्या आधारावर ते लिहीत होते ती बनावट निघाली, आणि १८८२ मध्ये दोघांना डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. कळवळा खरा, कागद खोटा. पत्रांच्या पानावर बसणाऱ्या प्रत्येकाला हे आठवत राहायला हवं. माझी चूक नियम पाळण्यात नव्हती. तिने कुणावर आरोप छापा असं म्हटलंच नव्हतं. तिने कायदा विचारला होता, आणि कायदा सांगायला तिच्या नावाची काहीच गरज नव्हती. हे मला फार उशिरा उमगलं.

उमगलं ते रखमाबाईंमुळे.

रखमाबाईंचं नाव शाळेपासून ऐकलेलं असतं, भारतातल्या पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी एक म्हणून. डॉक्टर होण्याआधी त्या वर्तमानपत्रात पत्र लिहिणारी एक निनावी बाई होत्या, हे मला पत्रांचं पान सोडल्यावर कळलं. २६ जून १८८५ च्या टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर एक मोठं पत्र आलं. खाली सही होती ‘अ हिंदू लेडी’. बालविवाहाच्या या दुष्ट चालीने माझ्या आयुष्याचं सुख नासवलं, विद्या आणि मनाची मशागत या मला सगळ्यांत प्रिय असलेल्या गोष्टींच्या आड ती आली, अशा अर्थाचं तिने लिहिलं होतं. त्याच सप्टेंबरात तिचं दुसरं पत्र आलं, सक्तीच्या वैधव्यावर.

या विषयावर तोवर लिहिणं कमी झालेलं नव्हतं. आदल्याच वर्षी, १८८४ च्या ऑगस्टात, ‘इंडियन स्पेक्टेटर’चे संपादक बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढली होती आणि त्यांवर देशभरातून मतं येत होती. सरकारी अधिकारी, न्यायाधीश, शास्त्री, प्राध्यापक, सगळे बोलत होते. मलबारी पारशी, त्यांनी हिंदूंच्या घरात का डोकवावं, यावरही वाद चालला होता. जिच्याबद्दल हे सगळं चाललं होतं ती मुलगी मात्र कुठेच बोलत नव्हती. ‘अ हिंदू लेडी’च्या पत्राने ते बदललं. चर्चा ‘चाल’ या शब्दाभोवती फिरत होती, तिथे एकदम एक ‘मी’ आली. माझी शाळा सुटली. माझी पुस्तकं गेली. माझा काही अपराध नसताना.

त्या ‘मी’ला तेव्हा एकविसावं वर्ष चालू होतं. जन्म मुंबईतला, २२ नोव्हेंबर १८६४ चा. वडील लवकर गेले. आई जयंतीबाई. त्यांच्या सुतार समाजात विधवेला पुन्हा लग्नाची मोकळीक होती, म्हणून जयंतीबाईंचं लग्न डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झालं. हे मोठे नावाजलेले डॉक्टर, वनस्पतींचे जाणकार, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संस्थापकांपैकी. अशा घरातही अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न झालं, एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी. लग्न झालं, पण त्या सासरी गेल्या नाहीत. आईकडेच राहिल्या, हाताला लागेल ते वाचत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींच्या वकिलांची नोटीस आली, बायकोला नांदायला पाठवा. पत्रं छापून आली तेव्हा खटला उभा राहत होता, आणि पाठीशी असलेले सावत्र वडील त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये वारले होते.

‘नांदणे’ या शब्दापाशी मी नेहमी थांबते. किती गोड शब्द आहे आपल्या भाषेतला. लग्नात म्हणतात, नांदा सौख्यभरे. लक्ष्मी नांदते, गोकुळ नांदतं. सुखाने राहणं, भरलेलं राहणं हे त्या शब्दाच्या आतच आहे. आणि हाच शब्द वकिलाच्या टंकलेखनातून येतो तेव्हा त्यातलं सुख गळून गेलेलं असतं: ‘सबब वादीची मागणी की, प्रतिवादीने वादीकडे नांदावयास यावे असा हुकूम व्हावा.’ सौख्य कुणाच्या हुकमाने येत नाही हे ज्या भाषेने शब्दातच सांगून ठेवलंय, त्या भाषेत हा दावा लिहिला जातो. माझ्या त्या वाचकाने वडिलांच्या तोंडून तो कागद ऐकला असेल तेव्हा तिच्या कानांवर हाच शब्द पडला असणार.

आणि हा दावा मुळात आपला नाहीच. तो इंग्लंडातल्या चर्चच्या न्यायालयांतून इथे आला. २१ सप्टेंबर १८८५ ला मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रॉबर्ट हिल पिन्ही यांनी दादाजींचा दावा फेटाळला, तेव्हा त्यांनी नेमकं हेच दाखवून दिलं. इंग्लंडात हा दावा एकत्र राहून नंतर वेगळे झालेल्या नवराबायकोंसाठी होता. इथे तर त्या दोघांचा संसार सुरूच झाला नव्हता. लहानपणी, तिला काही कळत नसताना लावलेलं लग्न, आणि आता नको असलेल्या माणसाकडे तिला जबरदस्तीने पाठवायचं, हे रानटी आणि क्रूर होईल, असं त्यांनी म्हटलं. याहून बोलकी गोष्ट अशी की, नांदायला नकार देणाऱ्याला कैदेत टाकण्याची तरतूद खुद्द इंग्लंडने १८८४ मध्ये, म्हणजे रखमाबाईंना नोटीस आली त्याच वर्षी, काढून टाकली. मुंबईत ती शिल्लक होती. सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद.

पिन्हींच्या निकालानंतर वर्तमानपत्रांत जे रणकंदन झालं, त्याबद्दल मला अर्धवट बोलायचं नाही, कारण त्यात आपली माणसं दोन्ही बाजूंना आहेत. टिळकांच्या बाजूच्या लेखनाने, ‘केसरी’ आणि ‘मराठा’तून, रखमाबाईंविरुद्ध सूर लावला. इंग्रजी शिक्षणाने मुली बिघडतात याचा दाखला म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवलं गेलं. परक्या सरकारच्या न्यायाधीशाने आमच्या लग्नसंस्थेत हात घालू नये, हा त्यामागचा राग. पारतंत्र्यातल्या माणसाचा तो राग मला कळतो. पण त्या रागाने ज्याचं रक्षण केलं तो धर्मशास्त्रातला नियम नव्हता, तो इंग्रजी चर्चचा उसना कायदा होता. आणि ते रक्षण एका एकट्या मुलीच्या अंगावर पाय देऊन केलं गेलं. टिळकांविषयी माझ्या मनात असलेला आदर हे लिहिताना कमी होत नाही, पण हा हिशेब त्यात लिहिल्याशिवाय तो आदर पुरा होत नाही.

‘केसरी’च्या घरातही एकमत कुठे होतं? आगरकर आणि टिळकांचा रस्ता याच काळात फुटला. १८८७ मध्ये आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ च्या ऑक्टोबरात त्यांनी ‘सुधारक’ काढला. ‘इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार,’ असं त्यांनी सांगितलं. जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा पुण्यात निघाली ती या बोलण्यापायीच. मला ‘सुधारक’चं सगळ्यात मोठं काम हे वाटतं की त्याने ही भांडणं मराठीत आणली, ओसरीवर आणली. रखमाबाईंची पत्रं इंग्रजीत होती. त्यामुळे ती लंडनपर्यंत पोचली, तिथल्या ‘टाइम्स’मध्ये १८८७ च्या एप्रिलमध्ये त्यांचं पत्र छापून आलं, त्यांच्या मदतीसाठी समिती उभी राहिली, हे खरं. पण त्याच इंग्रजीमुळे, घरचं उणं परक्यांपुढे उघडं केलं, हा आरोपही त्यांच्या माथी बसला. आणि ज्या मुली त्यांच्यासारख्याच अडकल्या होत्या, त्यांच्यापैकी किती जणींना ते पत्र वाचता आलं असेल? मराठी अक्षर ओळखणारी एखादी सून जात्यावर बसता बसता कानोसा घेऊ शकेल असं लिखाण मराठीतच व्हायला हवं होतं, आणि ते आगरकरांनी स्वतःची तब्येत आणि लौकिक पणाला लावून केलं.

या सगळ्याचा शेवट काय झाला ते मी कॉलेजच्या मुलांना सांगते तेव्हा त्यांचे चेहरे पडतात. रखमाबाई कोर्टात हरल्या. १८८६ मध्ये अपिलात पिन्हींचा निकाल फिरवला गेला आणि खटला पुन्हा चालवायला पाठवला गेला. ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जावं, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. दादाजींनीही आपली बाजू मांडणारं पत्रक छापलं, रखमाबाईंनी वर्तमानपत्रातून त्याला उत्तर दिलं. तोवर या खटल्यावर इतकं लिहून झालं होतं की त्यांना प्रत्यक्ष कैदेत नेण्याचं धाडस कुणालाच परवडणारं नव्हतं. १८८८ च्या जुलैमध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची अंमलबजावणी सोडली.

दोन हजार रुपये. पत्रं, अग्रलेख, सभा, समित्या, आणि शेवटी ही किंमत मोजून सुटका. आजही हा आकडा वाचताना मला राग येतो. लेखणीने कायदा वाकवला असं म्हणता येत नाही. लेखणीने एवढंच केलं की त्या मुलीला अंधारात कुठे नेता येईना. सगळे बघत होते. आणि बघणाऱ्यांची ती गर्दी नंतर पांगली नाही. कलकत्त्याला अकरा वर्षांच्या एका विवाहित मुलीचा नवऱ्याच्या बळजबरीने मृत्यू झाला तेव्हा देश हादरला, त्यामागे हाही खटला होता. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन शरीरसंबंधासाठीचं मुलीचं वय दहावरून बारावर गेलं. केवढं ते बारा! पण त्यावरही पुन्हा तेच रणकंदन झालं. नांदायला न जाणाऱ्या बाईला कैदेत टाकण्याची तरतूद आपल्या दिवाणी कायद्यातून १९२३ मध्ये गेली. फॅरन यांच्या हुकमानंतर छत्तीस वर्षांनी.

रखमाबाई मात्र थांबल्या नाहीत. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांनी मदत केली. १८८९ मध्ये त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या, सुरत आणि राजकोटच्या दवाखान्यांत पुढची कितीतरी वर्षं बायकांची बाळंतपणं केली. दादाजी वारल्यावर त्यांनी विधवेचं पांढरं लुगडं नेसलं, असं सांगतात. मी त्याचा अर्थ लावत बसत नाही. ज्या बाईने आयुष्यभर स्वतःचे अर्थ स्वतः लावले, तिच्या लुगड्याचा अर्थ तरी तिच्याकडेच राहू द्यावा.

२५ सप्टेंबर १९५५ ला त्या गेल्या, नव्वद वर्षांच्या होऊन. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला होता. त्यात घटस्फोट आला, मोठी गोष्ट झाली. आणि त्याच कायद्यात कलम ९ म्हणून तो जुना दावा पुन्हा येऊन बसला, वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना. आपल्या स्वतंत्र देशाने, आपल्या हाताने लिहिलेल्या कायद्यात. इंग्लंडने १९७० मध्ये कायदा करून हा दावा मोडीत काढला. आपल्याकडे १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्या. पी. ए. चौधरी यांनी, ही तरतूद बाईच्या शरीरावरचा तिचा अधिकार काढून घेते, म्हणून ती घटनाबाह्य ठरवली. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने, संसार टिकावा हाच तिचा हेतू आहे, असं म्हणत ती कायम ठेवली. २०१९ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा आव्हान दिलं.

कोर्टाच्या आवारात हे कलम कसं चालतं, हे तिथे चहाच्या टपरीवर तासभर बसलं तरी कळतं. बायकोने पोटगी मागितली, की तिकडून कलम ९ चा दावा येतो. मी न्यायला तयार आहे, तीच येत नाही, मग पोटगी कशाची? दावा लावणाऱ्यालाही ती परत यायला नको असते बऱ्याचदा. कागदावर ती ‘स्वतःहून निघून गेलेली’ ठरायला हवी असते. कायद्यात बाई-पुरुष दोघांनाही हा दावा लावता येतो, पण पोलीस येतील या भीतीने रात्र-रात्र जागणारी बहुतेक वेळा बाईच असते.

आणि ही भीती कशावर जगते? न सांगितलेल्या उत्तरावर. अग्रलेख, स्फुटं, स्तंभ, वाचकांची पत्रं, या सगळ्यांकडून मी एवढ्या वर्षांनी एकाच गोष्टीची अपेक्षा धरते. ज्या अन्यायाला घरातली गोष्ट म्हणून दार लावून घेतलं जातं, त्या दाराबाहेर कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं की आत काय लिहिलंय आणि कायद्यात खरं काय लिहिलंय. रखमाबाईंचं पत्र छापणाऱ्या संपादकाने ते केलं. त्या बाईने नाव घातलं नव्हतं. त्याने ते छापलं.

मला त्या मुलीचं गाव ठाऊक नाही. ती आता पन्नाशीच्या पुढे असेल, असली तर. गेली की राहिली, हे मला कधीच कळणार नाही. घरी पत्र पाठवू नये असं तिने बजावलं होतं, आणि पेपर आता माझ्या हातात नाही. पण अशाच एखाद्या घरात आज पोस्टमनने आणलेला कागद पदराखाली धरून कुणी बसलेली असेल, म्हणून ते उत्तर इथे देते.

ताई, नाही. कायदा तुला उचलून नेऊ शकत नाही. नांदायला जाण्याचा हुकूम झाला तरी त्यासाठी पोलीस दारात येत नाहीत आणि तुरुंगही होत नाही. फार तर मालमत्तेवर जप्ती आणता येते. हुकूम होऊन वर्षभर दोघं एकत्र आला नाहीत, तर त्या कारणावर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतो. घर सोडायला वाजवी कारण होतं, हे तू कोर्टाला पटवून दिलंस तर दावाच फेटाळला जातो, आणि मारहाण हे वाजवी कारण आहे. दवाखान्याचा केसपेपर असेल तर जपून ठेव, मार बघितलेली शेजारीण असेल तर तिच्याशी बोलून ठेव. असा हुकूम झाला म्हणून पोटगी आपोआप बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं आहे. वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे जा. बाईमाणसाला उत्पन्नाचा दाखला न मागता फुकट वकील देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. आणि कागदावर जी तारीख आहे त्या तारखेला घाबरून घरी बसू नकोस. गैरहजर राहिलीस तर एकतर्फी निकाल लागतो. आईला बरोबर घे, सकाळी अकराच्या आत पोच.